वहिनीचा खण आणि शंभर रुपयांचा जेपेग

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. वहिनीच्या फोनवर एका ताईंचा मेसेज आला, ती बॉटल ग्रीन साडी मला ठेवा, पंधराशे पन्नास लगेच पाठवते, नंबर द्या. वहिनीने लिहिलं ताई ती सोळाशे पन्नासची आहे. तर त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला, वर बोटाने गोल काढून, "तुमच्याच पोस्टवर लिहिलंय, बघा." वहिनी फोन घेऊन माझ्याकडे आली, मी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकापाशी नेला आणि काय सांगू, खरंच पंधराशे पन्नासच दिसत होतं. किंमत इंग्रजी आकड्यांत टाकलेली, आणि इंग्रजी सहा आणि पाच यांच्यात फरक तो काय, पोटाच्या डाव्या बाजूची एक छोटीशी रेघ. ती रेघ हिरव्या साडीत विरघळून गेली होती. वहिनीने काही वाद घातला नाही, पंधराशे पन्नासला दिली साडी. मला मात्र म्हणाली, "भाऊजी, शंभर रुपये तुमच्या खात्यावर लिहून ठेवलेत."

लिहून ठेवणं बरोबरच होतं कारण पोस्ट मीच बनवली होती.

आमची थोडी कल्पना देतो. वहिनी कोथरूडच्या घरातूनच खण आणि इरकल विकते, चार वर्षं झाली. खण येतो गुळेदगुड्डहून, इरकल त्याच बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलहून, आणि ग्राहक येतात इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून. दादाकडे हिशेब आणि कुरिअर, आईकडे घड्या घालणं आणि "हा रंग कोण घेणार" असं म्हणणं, आणि मी आयटीत आहे म्हणून माझ्याकडे फोटो. आयटीत असण्याचा आणि फोटोचा काय संबंध हे मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, नंतर सोडून दिलं. चार वर्षात तीन कॅमेरे, दोन एडिटिंग ॲप आणि एक रिंग लाइट यांच्यावर चर्चा झाली पण फोटो काढल्यापासून पोस्ट होईपर्यंत त्या बिचाऱ्या फाइलचं काय काय होतं हे कोणी बघितलंच नव्हतं. शंभर रुपये गेल्यावर बघितलं.

तर त्या हिरव्या साडीचा प्रवास असा निघाला. वहिनीने तिच्या फोनवर फोटो काढला. मला व्हॉट्सॲपवर टाकला, नेहमीसारखा. तिथे तो एकदा छोटा झाला आणि एकदा दाबला गेला. मी तो फोनवरच एका ॲपमध्ये उघडून थोडा उजळ केला, सेव्ह केला, परत दाबला. मग दुसऱ्या ॲपमध्ये त्यावर किंमत आणि नाव टाकलं, सेव्ह केला, परत दाबला. मग वहिनीला व्हॉट्सॲप केला. मग तिने इन्स्टाला टाकला, तिथे अजून एकदा. पाच वेळा! आणि त्या ताईंपर्यंत पोचला तो कोणीतरी ग्रुपवर फॉरवर्ड केलेला स्क्रीनशॉट होता, म्हणजे वर अजून दोन धरा. यात कुठल्या ॲपचा काही दोष नाही, रोज कोट्यवधी लोक फोटो टाकतात, ते सगळे जसेच्या तसे ठेवायला आणि आपल्या नेटवर उघडायला परवडणार कसं. आम्हीच त्या फोटोला प्रत्येक चौकात उतरवून परत रिक्षात बसवत होतो.

अप्पा बळवंत चौकात कॉलेजच्या वेळी नोट्स काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मूळ वहीवरनं काढलेली झेरॉक्स वाचता यायची. तिची झेरॉक्स, मग तिचीही झेरॉक्स, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या हातात जी यायची तिच्यात इंटिग्रेशनचं चिन्ह आहे का स्टेपलची पिन हे कळायचं नाही. जेपेगचं, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलचं, तसंच आहे. आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक फूल आहे, दोन तीन वर्षं सकाळी सकाळी फिरतंय, आता ते इतकं धुरकट झालंय की जास्वंद का गुलाब यावर घरात दोन पक्ष आहेत.

पण हे दाबणं म्हणजे नक्की काय हे मला स्वतःला धड माहीत नव्हतं, आयटीत असून. मग एका रविवारी बसलो. वहिनीच्या फोनचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट, म्हणजे एकूण तीन कोटी साठ लाख बाइट, छत्तीस एमबीच्या आसपास. आणि फोनमध्ये ती फाइल दिसते साडेतीन चार एमबीची. म्हणजे तुम्ही काही करायच्या आधीच, फोटो काढला त्याच क्षणी, नऊ दशांश माल उडालाय आणि तरी फोटो झकास दिसतोय! मग पुढे बिघडतं ते का?

यासाठी मी एका खणाचा फोटो लॅपटॉपवर आठपट मोठा करून बघितला. खण ज्यांनी हातात घेतलाय त्यांना माहितीये, त्याची बुट्टी किती बारीक असते, आणि ताणा एका रंगाचा बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे कापड हलवलं की रंग बदलतो. मूळ फोटोत बुट्टीचे कंगोरे दिसत होते. चार वेळा सेव्ह झालेल्या फोटोत बुट्टीच्या जागी चक्क चौकोन दिसायला लागले, फरशी बसवल्यासारखे. ते चौकोन मोजले तर प्रत्येक बरोब्बर ८ बाय ८ पिक्सेलचा. हीच जेपेगची फरशी. फोटोचे असे ६४ ठिपक्यांचे तुकडे पाडतात, इन्स्टाच्या १०८० बाय १३५० च्या फोटोत बावीस हजारांवर निघतात, आणि प्रत्येक तुकड्यापुरतं गणित करतात की यात सरासरी रंग किती, मग सावकाश होणारा बदल किती, मग जलद, मग अगदी बारीक चुळबुळ किती. आणि त्या बारीक चुळबुळीचे आकडे गोल करून टाकतात, बरेचसे शून्य होतात, शून्यं लिहायला जागा लागत नाही, फाइल छोटी. आकाश, भिंत, गाल अशा ठिकाणी चुळबुळ नसतेच त्यामुळे काही कळत नाही. खण म्हणजे पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत निव्वळ चुळबुळ. म्हणून तर सेम साइजच्या फोटोत प्लेन साडीची फाइल दोनशे केबी आणि खणाची पाचशे येते, आणि म्हणून तर दाबल्यावर सगळ्यात आधी मार खातो तो खण.

तरी सहाचा पाच का झाला हे यातनं पूर्ण कळेना. त्याचं उत्तर वेगळ्याच ठिकाणी होतं आणि ते कळल्यावर मला स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली. जेपेग करताना आधी फोटोचे दोन भाग करतात, उजेड किती हा एक आणि रंग कुठला हा दुसरा. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक फार बारीक कळतो, रंगातला तितका नाही, तर त्याचा फायदा घेऊन उजेड ठेवतात पूर्ण आणि रंग बहुतेक वेळा आडवा उभा दोन्हीकडून निम्मा करतात, म्हणजे चार ठिपक्यांत मिळून एकच रंग. एरवी अजिबात कळत नाही. पण मी काय केलं होतं, तर गडद हिरव्या साडीवर गडद लाल अक्षरात किंमत लिहिली होती, वहिनीला लाल हिरवा जोडी शुभ वाटते म्हणून. आता तो लाल आणि तो हिरवा, रंग कितीही वेगळे असले तरी उजेडाच्या हिशेबात जवळजवळ सारखेच. फोटो कृष्णधवल करून बघा, अक्षर गायब होतं! म्हणजे माझं अक्षर फक्त रंगाच्या जोरावर उभं होतं आणि जेपेगने नेमका रंगच निम्मा केला, तोही पाच वेळा. बाकीचे आकडे कसेबसे तगले, सहाच्या पोटाची ती डावी रेघ गेली. देवनागरीत लिहिलं असतं तर अजून मजा, आपली शिरोरेघ छोट्या अक्षरात दोन पिक्सेलची असते, ती गेली की खाली नुसते काने आणि वेलांट्या लटकत राहतात, वाळत घातल्यासारखे.

आता किंमत कायम पांढऱ्या पट्टीवर काळ्यात. दिसायला बाळबोध दिसतं, वहिनीला आवडत नाही, पण वाचता येतं.

मधेच एक सांगतो कारण मला हे वाचून फार छान वाटलं. तुकड्यातला बदल असा सावकाश आणि जलद यात मोडायचं जे गणित आहे, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, ते काढलं आपल्या बेंगळुरूत जन्मलेल्या आणि तिथेच इंजिनिअर झालेल्या नासिर अहमद यांनी. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले आणि ते मिळाले नाहीत, एका परीक्षकाला म्हणे कल्पना फारच सोपी वाटली. त्यांनी तरी केलं, आणि टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबरचा त्यांचा पेपर १९७४ च्या जानेवारीत छापून आला. जेपेग हे या गणितावर फोटो दाबायचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या कमिटीचं नाव, ती बसली १९८६ मध्ये आणि स्टँडर्ड आलं १९९२ मध्ये. आईचं ते फूल, वहिनीचे खण, सगळ्या जगाचे लग्नाचे अल्बम या सोप्या म्हणून बाजूला ठेवलेल्या गणितावर चाललेत. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग पैसे दिले का नंतर त्याला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. तर फोटो पाच वेळा दाबायचा नाही, एकदाच दाबायचा, आणि तो आपल्या हाताने, हे ठरलं. आता आपल्या हाताने म्हणजे काय तर आधी माप. इन्स्टाग्राम साध्या पोस्टचा फोटो रुंदीला १०८० पिक्सेलचा ठेवतं. तुम्ही ४००० चा दिलात तर ते काही खूश होऊन मोठा ठेवणार नाही, स्वतः कापून छोटा करणार, घाईघाईत. आणि १०८० चा दिलात तर निदान छोटं करण्याचं काम तुमच्या मनासारखं झालेलं असतं. चार वर्षं मी उलटं समजत होतो, जितकी मोठी फाइल देऊ तितकी क्वालिटी चांगली. टेलरला मापाचा ब्लाउज द्यायच्या ऐवजी अख्खा ताका नेऊन द्यायचा आणि मग म्हणायचं खांदा उतरतोय, तसं.

आकाराचं जरा त्रांगडं आहे. इन्स्टा २०१० मध्ये आलं तेव्हा फक्त चौकोनी फोटो चालायचे, २०१५ मध्ये उभे आडवे चालायला लागले, तेव्हापासून उभ्यात ४:५ म्हणजे १०८० बाय १३५० हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. मग २०२५ च्या जानेवारीत प्रोफाइलवरची चौकोनी जाळी जाऊन उभी ३:४ ची आली आणि नंतर ३:४ ची पोस्टही चालायला लागली, १०८० बाय १४४०. जुन्या चौकोनी पोस्टची त्या जाळीत दोन्ही बाजूंनी कापाकापी झाली. वहिनीची जी पोस्ट सगळ्यात जास्त चालली होती त्यात डावीकडे साडी आणि उजवीकडे ब्लाउजपीस होता, आता प्रोफाइलवर मधली रिकामी सतरंजी दिसते. तेव्हापासून मुद्दा मध्ये आणि कडेला मोकळी जागा, उद्या त्यांनी काहीही आकार काढला तरी.

छोटं करताना इरकलने मात्र वेगळाच इंगा दाखवला. इरकलचा बारीक चौकडा असतो ना, तो मूळ फोटोत सुंदर होता आणि १०८० ला आणला की साडीवर लाटा दिसायला लागल्या, इंद्रधनुष्यासारखे पट्टे, पाण्यावर तेल सांडल्यासारखे. वहिनीला वाटलं कापडात फॉल्ट आहे, ती साडी घेऊन खिडकीपाशी जाऊन उलटून पालटून बघत होती. कापडात काही नव्हतं. चौकड्याची रेघ पिक्सेलपेक्षा बारीक झाली की काही रेघा सापडतात काही निसटतात आणि त्या सापडण्या निसटण्याचंच एक नवीन डिझाइन तयार होतं, त्याला म्वारे म्हणतात. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की ज्या लाटा दिसतात त्याच या. उपाय म्हणजे छोटं करताना सॉफ्टवेअरने शेजारपाजारच्या ठिपक्यांची नीट सरासरी काढली पाहिजे, नुसते एक सोडून एक ठिपके उचलायचे नाहीत. मी गिंप वापरतो, फुकट आहे, त्यात स्केल करताना इंटरपोलेशन म्हणून पर्याय येतो तिथे 'नन' सोडून काहीही चालेल, मी क्यूबिक ठेवतो. तरी लाटा राहिल्या तर छोटं करायच्या आधी अगदी नावाला ब्लर. आणि तेही नाही जमलं तर सरळ जवळ जाऊन परत फोटो काढायचा, चौकडा मोठा येईल असा. छोटं केल्यावर फोटो जरा मऊ पडतो म्हणून शेवटी थोडं शार्पन, पण थोडंच, नाहीतर काठाच्या बाजूने पांढरी कड येते आणि साडी स्टिकरसारखी दिसते. शार्पन आधी करून मग छोटं करणारे लोक पण आहेत, मी पण होतो, त्याचा काही उपयोग नसतो, केलेलं सगळं छोटं करताना पुसलं जातं.

मग सेव्ह करताना क्वालिटीचा आकडा येतो, ० ते १००. लोकांना वाटतं हे टक्के आहेत, ८० म्हणजे वीस टक्के क्वालिटी गेली. टक्के बिक्के काही नाहीत, आणि एका सॉफ्टवेअरचे ८० म्हणजे दुसऱ्याचे ८० असंही नाही. मी त्याच खणाचा फोटो १००, ९०, ८० आणि ६० ला सेव्ह केला आणि वहिनीला न सांगता चारही दाखवले. १०० ची फाइल ८० च्या तिप्पट होती आणि तिने सगळ्यात चांगला म्हणून ८० चा निवडला, मग ९० चा. ६० चा मात्र बघताक्षणी म्हणाली याच्यावर धूळ बसलीये. तेव्हापासून खणाला ८५, प्लेनला ८०, संपलं. ज्यांना लॅपटॉपवर काही टाकायचं नाहीये त्यांनी ब्राउझरमध्ये स्क्वूश उघडावं, गुगलच्या क्रोमवाल्या टीमने काढलंय, मध्ये एक उभी रेघ असते, एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला दाबलेला, रेघ सरकवत बसायचं आणि आकडा कमी करत जायचं, जिथे खुपायला लागलं तिथून जरा वर थांबायचं. फोटो कुठे अपलोड होत नाही, सगळं आपल्याच मशीनवर चालतं.

नुसत्या अक्षरांचं कार्ड असेल, "प्रदर्शन शनिवार रविवार" टाइप, तर ते बनवताना पीएनजीत ठेवतो. त्यात काही हरवत नाही, कितीही वेळा सेव्ह करा, आणि सपाट रंगाला जागाही कमी लागते. अपलोड झाल्यावर तिथे त्याचं जेपेग होतंच, पण निदान आपल्याकडून एक दाब वाचतो. साडीच्या फोटोला मात्र पीएनजी नको, विनाकारण पाच सहा पट मोठी फाइल.

आता रंग. हे खरं दुखणं आहे आणि याला पूर्ण औषध नाही. "फोटोत राणी कलर होता, आलंय वांगी" म्हणून एक पार्सल परत आलं होतं. मी कॉम्प्रेशनला शिव्या घालायच्या तयारीत बसलो होतो पण ते निर्दोष निघालं. अर्धा घोळ ट्यूबलाइटचा, रात्री नऊला हॉलमध्ये काढलेला फोटो. उरलेला अर्धा माझ्या भाच्याच्या आयफोनचा, त्या दिवशी वहिनीचा फोन चार्जिंगला होता. आयफोन २०१६ पासून पी३ म्हणून जास्त रुंद रंगांच्या हिशेबात फोटो काढतात, आणि फाइलबरोबर एक प्रोफाइल येतं की हे आकडे कुठल्या हिशेबातले आहेत. मधल्या एखाद्या ॲपने ते प्रोफाइल फेकून दिलं की पुढचा माणूस साध्या एसआरजीबीच्या हिशेबाने वाचतो आणि राणी कलर मलूल पडतो. शेरातलं माप किलो समजून घेतल्यासारखं. म्हणून पाठवायच्या आधी एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट करायचं, प्रोफाइल नुसतं पुसायचं नाही, कन्व्हर्ट. आणि त्याच आयफोनचे फोटो एचईआयसी म्हणून येतात, २०१७ पासून, ते माझ्या लॅपटॉपवर उघडेनात, त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅटला जाऊन मोस्ट कॉम्पॅटिबल करून ठेवलं.

उजेडाला मात्र पुण्यात पावसाळ्यासारखं काही नाही. जुलै ऑगस्टमधला दुपारचा ढगाळ उजेड, उत्तरेची बाल्कनी, बाजूला एक पांढरा कागद ठेवून व्हाइट बॅलन्स बघून घ्यायचा. आम्ही दिवाळीचं अर्धं शूटिंग आता श्रावणातच उरकतो. पण एवढं करूनही समोरच्या बाईंच्या फोनवर आय कम्फर्ट चालू असेल तर सगळ्यालाच हळद लागलेली दिसणार, तिथे आपण काय करणार. म्हणून वहिनी आता रंग शब्दात लिहिते, आणि ग्रीन पर्पल नाही, चिंतामणी, डाळिंबी, मोरपिशी, अबोली, वांगी. आमच्या ग्राहकांच्या डोक्यात या शब्दांचे रंग स्क्रीनपेक्षा पक्के बसलेत. परत येणारी पार्सलं त्याने खरंच कमी झाली, माझ्या एसआरजीबीपेक्षा जास्त त्याने झाली असं वहिनीचं मत आहे, आणि मला वाद घालायचा नाहीये.

डीपीआयबद्दल, म्हणजे एका इंचात किती ठिपके छापायचे त्या आकड्याबद्दल, मात्र घालायचाय. प्रदर्शनाच्या बॅनरसाठी वहिनीने फ्लेक्सवाल्याला इन्स्टावरनं सेव्ह केलेला फोटो दिला. तो म्हणाला ७२ डीपीआय आहे, ३०० करून आणा. मग कोणीतरी तिला ॲप दाखवलं ज्यात ७२ खोडून ३०० लिहिता येतं, तिने लिहिलं, त्याने छापलं, आणि बॅनरवर वहिनीचं नाव कोरीव आणि साडी म्हणजे मिसळीची तर्री. अहो तो आकडा म्हणजे नुसती चिठ्ठी आहे, पिक्सेल तेवढेच. १०८० पिक्सेल सहा फुटांवर पसरले, सहा फूट म्हणजे ७२ इंच, एका इंचाला पंधरा ठिपके आले, चिठ्ठीवर काहीही लिहा. मूळ ४००० चा फोटो दिला असता तर इंचाला पंचावन्न आले असते आणि दहा फुटांवरून बघणाऱ्याला छान दिसलं असतं. आणि उलट बाजूने, इन्स्टाला टाकताना तर डीपीआयकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, तिथे फक्त पिक्सेल. हे मी घरात तीनदा समजावलंय आणि दर वेळी दादा विचारतो, "पण मग तीनशे का म्हणतात?"

आता आमचं असं चालतं. वहिनी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते पण डॉक्युमेंट म्हणून, मग तो जसाच्या तसा येतो. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे तो बराच बरा आहे, पण दाबतं तेही. मूळ फोटो 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि त्या फोल्डरला हात लावायचा नाही, कितीही किरकोळ बदल असला तरी कॉपी काढायची आणि सगळं एकाच बैठकीत करून एकदाच जेपेग करायचं. परत डॉक्युमेंट म्हणूनच वहिनीला, आणि तिच्या इन्स्टाच्या सेटिंगमध्ये हाय क्वालिटी अपलोड चालू करून ठेवलंय, ते आधी बंद होतं, नेट वाचवायला तिनेच कधीतरी केलेलं. डॉक्युमेंटमध्ये एक खोच आहे, साध्या फोटोतनं व्हॉट्सॲप लोकेशन वगैरे काढून टाकतं, डॉक्युमेंटमध्ये सगळं तसंच जातं, म्हणजे फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश रेखांश, थोडक्यात आमचा हॉल. घरात घरात ठीक, पण वहिनी उत्साहात ग्राहकांनाही मूळ फाइल पाठवायला लागली होती. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून टाकलं, दोन मिनिटांचं काम, तुम्हीही करा.

एका फोटोने मात्र अजून छळलंय. गेल्या महिन्यात एक खण आला, अंग गडद हिरवं आणि काठ लाल, नेमकी तीच जोडी. अक्षराखाली पांढरी पट्टी टाकता येते, काठाखाली काय टाकणार. मूळ फोटोत काठावरची बारीक करवत दिसते, पोस्ट केली की लाल आणि हिरवं एकमेकांत चिखल. ८५ चे ९५ केले, जवळून काढला, तिरक्या उजेडात काढला म्हणजे काठावर चमक येऊन निदान उजेडाचा तरी फरक पडेल, थोडं जमलं, पण हातातल्या खणासारखं नाहीच. शेवटी रात्री साडेदहाला वहिनी म्हणाली द्या इकडे तो फोन, आणि तोच चिखलवाला फोटो टाकून खाली लिहिलं, "काठाला करवत आहे, फोटोत दिसत नाही, हातात घेतल्यावर दिसेल. आठच पीस."

सकाळी मी दात घासत होतो तोवर सहा गेले होते.